गॅरंटी केबिनचा नंबर येईपर्यंत: एका बाल्कनी बुकिंगचा प्रकरण अभ्यास

प्रकरण

सात रात्रींची क्रूझ, प्रवासी दोन, नवरा-बायको. बुकिंग बाल्कनी वर्गातल्या ‘गॅरंटी’ केबिनचं, म्हणजे वर्ग आज ठरला आणि केबिनचा नंबर कंपनी नंतर देणार. बुकिंग प्रवासाच्या साधारण पाच महिने आधी झालं. त्याच दिवशी त्याच जहाजावर स्वतः नंबर निवडला असता तर मूळ भाडं सुमारे १२ टक्के जास्त पडत होतं. बायकोला बोट लागते. ओळखीचं आणखी एक जोडपं त्याच जहाजावर आहे. त्यांनी सातव्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी, नकाशा पाहून केबिन घेतलेली. दोन्ही केबिन जवळजवळ असाव्यात अशी चौघांची इच्छा.

पूर्ण रक्कम भरायची मुदत प्रवासाआधी ९० दिवस होती. रक्कम भरली, पण बुकिंगच्या पानावर केबिन नंबरच्या जागी ‘जीटीवाय’ (‘गॅरंटी’चं लघुरूप) ही अक्षरं तशीच राहिली. पुढचे अडीच महिने काहीच हललं नाही. नंबर आला तो १२ दिवस आधी, आणि ४ दिवस आधी तो बदललाही.

प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा बुकिंगांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी इथे एकाच प्रवासात मांडल्या आहेत, म्हणजे कोणत्या टप्प्यावर काय हातात होतं आणि काय नव्हतं ते सलग दिसेल.

हमी नेमकी कशाची

कंपनी एवढंच कबूल करते की निवडलेल्या वर्गातली किंवा त्याहून वरच्या वर्गातली केबिन मिळेल. डेक कोणता, डावी बाजू की उजवी, पुढे की मागे, डोक्यावर काय आणि पायाखाली काय, ओळखीच्यांपासून किती लांब, यांतलं काहीही त्यात येत नाही. प्रवासी जे विकतो ते जागा निवडण्याचा हक्क. सवलत ही त्याची किंमत. वरच्या वर्गात बढती मिळते हे खरं, पण तिच्या आशेवर गॅरंटी केबिन घेणं आम्हाला चुकीचं वाटतं. त्या वर्गातली सगळ्यात गैरसोयीची केबिन आली तरी सात रात्री नीट जातील का, या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तरच ही सवलत खरी सवलत.

वर्गाचं नावही नीट वाचावं लागतं. २००९ साली आलेल्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’पासून त्या मालिकेतल्या जहाजांवर काही बाल्कन्या समुद्राकडे नाहीत, त्या जहाजाच्या पोटातल्या बागेकडे किंवा ‘बोर्डवॉक’ नावाच्या आतल्या मोकळ्या जागेकडे उघडतात. २०१८ सालच्या ‘सेलेब्रिटी एज’वर अनेक केबिनांत वेगळी बाल्कनी नाही, बाहेरच्या काचेचा वरचा भाग बटणाने खाली सरकतो आणि खोलीचाच तो भाग बाल्कनी होतो. खिडकीच्या वर्गात लाइफबोटीने अडलेलं दृश्यही चालून जातं, कारण बऱ्याच कंपन्यांच्या अटींत तसं लिहिलेलं असतं. म्हणून पैसे भरण्याआधी डेकचा नकाशा उघडून त्या वर्गाच्या रंगातल्या सगळ्या केबिन कुठे कुठे पसरल्यात ते पाहायचं. या जहाजावर बाल्कनीच्या केबिन सहाव्या ते दहाव्या डेकपर्यंत, नाळेपासून (पुढच्या टोकापासून) शेपटापर्यंत होत्या. म्हणजे काहीही येऊ शकत होतं.

बोट लागणाऱ्या माणसासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं. लाटांवर जहाजाची नाळ आणि शेपूट वर-खाली होतात, मध्य सगळ्यात कमी हलतो. जहाज कुशीवर डुलतं तेव्हा जितकं उंच तितकं डुलणं जास्त. डुलणं आवरायला पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, पण नाळेच्या वर-खाली होण्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. तेव्हा मध्यभागी, खालच्या डेकवर, साधी खिडकी असलेली निवडलेली केबिन ही या बाईंसाठी कुठल्याही अनिश्चित बाल्कनीपेक्षा चांगली होती. आणि तिचं भाडं बाल्कनी गॅरंटीच्या आसपासच होतं. ही तुलना बुकिंगच्या दिवशीच करायला हवी होती, ती झाली नाही. पुढची सगळी धाकधूक तिथून सुरू झाली.

सवलतीचा आकडाही तपासून घ्यावा. १२ टक्क्यांचा फरक फक्त मूळ भाड्यावर असतो. कर, बंदर शुल्क, टिप्स तेवढ्याच राहतात. मूळ भाडं एकूण खर्चाच्या तीन चतुर्थांश असेल तर हातात राहणारा फरक ९ टक्क्यांवर येतो. शिवाय अशा भाड्यांवर अनेकदा अनामत परत न मिळण्याची अट असते.

नंबर उशिरा का येतो

मुद्दाम ताटकळत ठेवण्यात कंपनीला रस नसतो. उलट नंबर न दिलेली बुकिंगं हाताशी असणं हीच तिची सोय असते. जहाजावरच्या केबिन सगळ्या वर्गांत सारख्या वेगाने विकल्या जात नाहीत. सगळ्यात स्वस्त आतल्या केबिन आणि मोजके मोठे सुइट लवकर संपतात, मधल्या वर्गांत जागा उरतात. मग कंपनी खालच्या वर्गातले काही प्रवासी वर सरकवते आणि खाली रिकाम्या झालेल्या स्वस्त केबिन पुन्हा विकते. ज्यांना नंबर दिलेला नाही त्यांना सरकवणं सोपं, कारण त्यांच्याकडून काही काढून घ्यावं लागत नाही.

दुसरं कारण रद्द होणाऱ्या बुकिंगांचं. पूर्ण रक्कम भरायच्या मुदतीच्या आसपास बरेच जण माघार घेतात, कारण त्यानंतर रद्द करण्याचा दंड टप्प्याटप्प्याने वाढत जातो आणि शेवटच्या आठवड्यांत पूर्ण भाड्याएवढा होतो. खरं वाटप त्या मुदतीनंतरच वेग घेतं. त्याआधी नंबर आला नाही म्हणून काळजी करण्यात अर्थ नाही.

तिसरं कारण प्रवाशांच्या फारसं लक्षात येत नाही. प्रत्येक केबिन एका ठरावीक मस्टर स्टेशनला जोडलेली असते, म्हणजे आणीबाणीत जमायच्या जागेला, आणि त्या जागेच्या वाट्याच्या लाइफबोटींत किती माणसं बसणार हेही ठरलेलं असतं. तीन-चार पलंगांच्या केबिन एका भागात पूर्ण भरल्या की त्या भागाची माणसांची मर्यादा गाठली जाते. मग शेजारची चार पलंगांची केबिन रिकामी असूनही तिथे दोघांनाच ठेवावं लागतं किंवा कुटुंबाला दुसऱ्या भागात हलवावं लागतं. कोणत्या केबिनमध्ये किती जण हे शेवटपर्यंत जुळवत राहावं लागतं ते त्यामुळे. वरून ओढायचे जादा पलंग असलेल्या केबिन कुटुंबांसाठी राखल्या जातात, दोघांच्या बुकिंगला त्या सहसा उशिरा मोकळ्या होतात. नळ तुंबला, वातानुकूलन बिघडलं अशा वेळी लागतील म्हणून काही खोल्याही हातात ठेवाव्या लागतात.

व्हीलचेअरसाठी बांधलेल्या केबिनही या वाटपात असतात. रुंद दार आणि बिनउंबऱ्याचं न्हाणीघर असलेली खोली ज्यांना खरोखर लागते त्यांनी गॅरंटी केबिन कधीच घेऊ नये. ती केबिन थेट नंबराने, कंपनीच्या सुलभता विभागाशी बोलून घ्यावी.

अडीच महिन्यांत काय केलं, काय करायला हवं होतं

नवऱ्याने पहिल्या महिन्यात दर आठवड्याला कंपनीला फोन केला. प्रत्येक वेळी उत्तर एकच: वाटप झालेलं नाही, प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंतही होऊ शकतं. फोन घेणाऱ्याला वाटपाची यादी हलवता येत नसते आणि विचारणाऱ्याचा नंबर लवकर लागत नाही. फोन करायचाच तर एकदा, आणि ठोस कामासाठी: पलंग जोडून हवेत की वेगळे, झोपेत श्वासासाठी मशीन लागत असेल तर त्याला ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, औषधासाठी फ्रीज, इंजेक्शनच्या सुया टाकायचा डबा. या नोंदी बुकिंगला जोडलेल्या राहतात, केबिन कुठलीही आली तरी.

ओळखीच्या जोडप्याचं बुकिंग आपल्याशी जोडून घेणं हे काम मात्र वेळेवर झालं. त्याने केबिन शेजारी मिळत नाहीत, पण रात्रीच्या जेवणाचं टेबल एक होतं. दोन केबिन शेजारीच हव्यात अशी गरज असेल, विशेषतः मुलं एका खोलीत आणि पालक दुसऱ्या, तर गॅरंटीचा विचारच सोडावा. अनेक कंपन्या ठरावीक वयाखालच्या प्रवाशांना मोठ्या माणसाशिवाय एका केबिनमध्ये ठेवत नाहीत; पालकांना सूट मिळते ती साधारणपणे केबिन लगतच्या असल्या तरच.

ऑनलाइन चेक-इनला केबिन नंबर लागत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पासपोर्टचे तपशील, फोटो, जहाजावरच्या खर्चासाठी कार्ड, बंदरावर पोचण्याची वेळ हे सगळं ‘जीटीवाय’ असतानाच भरता येतं. बंदरावरच्या सोयीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून चेक-इन उघडलं त्याच दिवशी ते करावं. या दोघांनी नंबराची वाट पाहत ते तीन आठवडे लांबवलं आणि चढायची वेळ दुपारची सर्वांत उशिराची मिळाली.

बोली लावायची की नाही

पूर्ण रक्कम भरल्यावर ईमेल आली: वरच्या वर्गासाठी बोली लावा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांकडे अशी सोय आहे, रॉयल कॅरिबियनची ‘रॉयलअप’ त्यांपैकीच. पडद्यावर किमान रक्कम आणि आपली बोली किती जोरकस आहे हे दाखवणारा काटा दिसतो. बोली स्वीकारली जाईपर्यंत बदलता किंवा मागे घेता येते. स्वीकारली की पैसे कार्डावरून जातात आणि परत मिळत नाहीत.

इथे दोन ठिकाणी माणसं फसतात. दाखवलेली रक्कम माणशी असते आणि केबिनमधल्या दोघांसाठी धरली जाते. एकटा प्रवासी असला तरी साधारणपणे दुप्पटच. म्हणून बोलीचा आकडा आधी दुप्पट करायचा आणि त्या वर्गाच्या आजच्या भाड्यातून आपलं भाडं वजा करून उरलेल्या फरकाशी ताडून पाहायचा. बोली त्या फरकाच्या जवळ जात असेल तर ती लावण्यात हशील नाही. दुसरी गोष्ट या प्रकरणात निर्णायक ठरली: बोली वर्गासाठी असते, जागेसाठी नव्हे. या जहाजावर लहान सुइट नवव्या-दहाव्या डेकवर होते आणि त्यांतले बरेच नाळेकडे. जास्त पैसे मोजून बायकोला सगळ्यात हलणाऱ्या कोपऱ्यात नेण्याची ती शक्यता होती. बोली लावली नाही, तेच बरोबर.

तीस दिवस राहिले असताना फोन आला: ठरावीक जादा रकमेत लहान सुइट. असा फोन बोलीपेक्षा चांगला, कारण समोरच्याकडे बहुतेक वेळा प्रत्यक्ष केबिन असते. होकार देण्याआधी नंबर विचारायचा आणि तो फोनवर असतानाच नकाशा उघडायचा. नंबर दहाव्या डेकवरचा, अगदी पुढचा निघाला. नकार दिला. त्याच फोनवर त्यांनी विचारून घेतलं की बुकिंगवर ‘बढती नको’ अशी नोंद होते का. काही कंपन्या अशी नोंद ठेवतात. ज्याला उंच आणि पुढची केबिन नको आहे त्याने ती जरूर मागावी, पण गॅरंटी बुकिंगवर ती पाळली जाईलच असं धरून चालू नये.

नंबर आला

बारा दिवस आधी बुकिंगच्या पानावर नंबर दिसला: सहावा डेक, जहाजाचा पुढचा एक तृतीयांश भाग. ईमेल आली नव्हती. बऱ्याचदा येत नाही, म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत दोन-तीन दिवसांनी बुकिंगचं पान किंवा सामानाच्या टॅगचं पान उघडून पाहणं हा खात्रीचा मार्ग.

नंबर आल्यावर पाहायच्या जागा पाच: वर, खाली, दोन्ही शेजार आणि समोरचा कॉरिडॉर. वर पोहण्याचा तलाव किंवा बुफेचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा क्लब असेल तर रात्री ढोलाचे ठोके. खालच्या डेकवर अगदी पुढे असाल तर बंदरात शिरताना नांगराच्या साखळीचा आणि जहाज आडवं सरकवणाऱ्या थ्रस्टरचा आवाज. शेजारच्या खोलीत उघडणारं दार असेल तर पलीकडचं बोलणं ऐकू येतं. कॉरिडॉरमध्ये कर्मचाऱ्यांचं दार असेल तर ट्रॉल्यांची ये-जा. नकाशावर नुसत्या पांढऱ्या दिसणाऱ्या पट्ट्या बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांच्या जागा किंवा स्वयंपाकघर असतात. त्यांच्या लगतच्या केबिनकडे सावधपणे पाहावं.

या केबिनच्या खाली नाट्यगृहाचा मागचा भाग होता. खेळ रात्री संपतो, त्यामुळे ते सुसह्य होतं. खरी अडचण पुढे असण्याची होती. कंपनीला फोन केला, मध्यभागी त्याच वर्गात जागा मागितली. उत्तर: त्या वर्गात विक्री बंद आहे, मध्यभागी वेगळ्या वर्गात एक केबिन आहे, पण आजच्या भाड्याचा पूर्ण फरक भरावा लागेल. तो फरक वाचवलेल्या रकमेच्या जवळजवळ तिप्पट होता. त्यांनी तो भरला नाही. आमच्या मते बायकोचा त्रास किती होतो यावर हा निर्णय अवलंबून असायला हवा होता. पैशाच्या हिशेबाने तो योग्य, तिच्या सात दिवसांच्या हिशेबाने तितकासा नाही. निदान डॉक्टरांना विचारून औषध आधीच ठरवलं, आणि हलायला लागल्यावर नव्हे तर जहाज सुटण्याआधी घ्यायचं हे पक्कं केलं.

नंबर बदलला

चार दिवस राहिले असताना सामानाचे टॅग छापून तयार होते. त्या संध्याकाळी पान उघडलं तर नंबर वेगळा: आठवा डेक, मध्यापासून थोडा मागे. कारण सांगितलं जात नाही. दिलेला नंबर प्रवासापर्यंत बदलण्याचा हक्क कंपनी अटींमध्ये राखून ठेवते, आणि हे स्वतः निवडलेल्या केबिनच्या बाबतीतही घडू शकतं, जरी क्वचित.

इथे एक बारीक पण त्रासदायक चूक होते. जुन्या नंबराचे टॅग लावून बॅगा पोर्टरकडे दिल्या की त्या जुन्या केबिनच्या दारात जातात, आणि तिथे आता दुसरंच कुणीतरी राहत असतं. बॅगा संध्याकाळपर्यंत फिरत राहतात. म्हणून टॅग आदल्या रात्री, पान पुन्हा एकदा पाहूनच छापावेत. टॅग छापताच येत नसतील तर बंदरावर पोर्टरकडे कोरे टॅग असतात. नंबर सांगायचा, तो लिहून लावतो. नंबर अजूनही नसेल तर आधी चेक-इनच्या खिडकीवर नंबर घ्यायचा आणि मगच सामान सोडायचं. औषधं, कागदपत्रं, चार्जर आणि बदलायचे एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत, काहीही झालं तरी.

नव्या केबिनच्या वर आणि खाली केबिनच होत्या. ही सगळ्यात शांत मांडणी. एका बाजूला शेजारच्या खोलीचं जोडदार होतं आणि बंदरात शिरताना मागच्या बाजूची थरथर थोडी जाणवणार होती. सहाव्या डेकवरच्या पुढच्या केबिनपेक्षा ही दोन डेक उंच, तरी मध्याच्या बरीच जवळ. बोट लागणाऱ्या माणसासाठी एकूण बरी. स्नेह्यांच्या केबिनपासून एक जिना आणि लांबलचक कॉरिडॉर.

चढायच्या दिवशी

केबिनचं कार्ड हातात आल्यावर त्यावरचं मस्टर स्टेशन वाचायचं आणि आधी पाठ केलेलं विसरायचं, कारण केबिन बदलली की तेही बदलू शकतं. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं तेव्हा आदल्या काही तासांत चढलेल्या अनेक प्रवाशांचा आणीबाणीत जमण्याचा सराव झालेला नव्हता. त्या वेळच्या नियमाने तो चोवीस तासांत घेतला तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावा लागतो. आता अनेक जहाजांवर सुरक्षेची चित्रफीत ॲपवर पाहून स्टेशनवर कार्ड स्कॅन केलं की झालं. दोन्ही जोडप्यांची स्टेशनं वेगवेगळी होती. प्रत्येकाने आपापल्या स्टेशनवरच जायचं.

खोलीत शिरल्याबरोबर नळ, फ्लश, वातानुकूलन, तिजोरी आणि बाल्कनीच्या दाराची कडी तपासायची. बिघाड असेल तर गेस्ट सर्व्हिसेसला त्याच तासात सांगायचं, कारण बिघाडामुळे केबिन बदलायची असेल तर राखलेल्या मोजक्या खोल्या पहिल्या संध्याकाळीच संपतात. जोडदाराच्या खालच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल ठेवला की आवाज बराच कमी होतो. केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडून एक जास्तीचा मागून घ्यावा.

केवळ जागा आवडली नाही म्हणून बदल हवा असेल तर पहिल्या दुपारी रांगेत उभं राहून काही मिळत नाही. कोण चढलंच नाही हे जहाज सुटल्यावरच कळतं, त्यामुळे विचारायची योग्य वेळ दुसऱ्या दिवशीची सकाळ. नवऱ्याने तेव्हा जाऊन मध्यभागाच्या खालच्या डेकसाठी नाव लिहून ठेवलं, आणि आतल्या बिनखिडकीच्या केबिनमध्येही जायची तयारी असल्याचं सांगितलं. जहाज पूर्ण भरलेलं होतं, बदल मिळाला नाही.